कंपनीची भाकरी

भाजीच्या डब्यात तेलाची रेघ उमटते. भाजी जिथवर भरलेली असते तिथे स्टीलला तेल धरतं, आणि चमच्या-चमच्यानं भाजी कमी होत गेली की ती रेघ मागे, उंचावर राहते. जेवण संपल्यावर टेबलावरच्या कुठल्याही डब्यात डोकावलं की ती दिसायची. रेघ आणि खाली उरलेली भाजी यांच्यातलं अंतर पाहिलं की कुणाच्या घरचं किती खपलं ते कळायचं. त्या दुपारी माझ्या डब्यात रेघ होती. बोटाच्या पेराएवढी भाजी कमी झाली होती. झाकण लावता लावता मी थांबले आणि पुन्हा पाहिलं.

"होवाळ मॅडम, डब्यात काय सूक्ष्मदर्शक लावलाय का?" सोवनी म्हणाला.

"काही नाही," म्हणून मी झाकण दाबलं.

एकोणनव्वद सालचा जानेवारी होता. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'निरगुडकर आणि कंपनी' नावाचा छोटा कारखाना होता. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी द्रावणं, लिटमसचे कागद, असलं सामान तिथे तयार व्हायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी तिथे लागले त्याला सात वर्षं होत आली होती. हळदीच्या पुडीत मिसळलेला पिवळा रंग ओळखायचा एक संच मी तिथे बसवला होता. दोन बाटल्या, काही काचनळ्या आणि सूचनांचा कागद. हळदीवर आम्ल टाकलं की गुलाबी रंग येतो. वरून पाणी ओतलं की खऱ्या हळदीचा गुलाबी विरतो, भेसळीचा तसाच राहतो. सांगलीच्या हळद पेठेत तो संच इतका चालला की कारखान्याचं नाव लोक त्याच्यावरूनच ओळखू लागले.

त्या दिवशी जेवायला पुण्याचे एक पाहुणे होते. भडकमकर नावाचे, शाळांना सामान पुरवणारे. आमच्याकडे दुपारी एक वाजता मालकांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळे एकाच लांब टेबलाशी बसत. सगळ्यांचे डबे उघडून मध्ये ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. ही रीत आप्पांची. आप्पा म्हणजे कारखाना काढणारे बाळकृष्ण निरगुडकर. पाहुणा आला की जेवणाआधी ते त्याला एक प्रश्न विचारत. तो त्यांनी भडकमकरांनाही विचारला.

"कंपनी हा शब्द कुठून आला, माहीत आहे?"

आम्ही आपापल्या ताटात बघून हसलो. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

"कंपनी सरकारकडून," भडकमकर म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात! अहो, त्या सरकारनं शब्द बदनाम केला. मूळ लॅटिन आहे. कोम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे पाव. आपल्या भाषेत भाकरी. एका भाकरीतले वाटेकरी, ती कंपनी. भांडवल नंतर, नफा नंतर, आधी भाकरी! मालक केबिनमध्ये जेवतो आणि कामगार जिन्याखाली, त्याला कंपनी म्हणायचं की कंपू?"

"कंपू!" सोवनी ओरडला. ते वाक्य त्याच्याकडे असायचं. हेमंत सोवनी विक्री बघायचा. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला.

"आमच्याकडे पंक्तिप्रपंच नाही," चौगुले म्हणाले. महावीर चौगुले हे दुसरे भागीदार. खरेदी आणि कागदपत्रं त्यांच्याकडे. "माझ्या पुढ्यात कांदा-लसूण तेवढं आणू नका. तेवढा एकच प्रपंच."

भडकमकरांनी हात लांब करून माझा डबा ओढला. भरली वांगी होती. त्यांनी एक घेतलं, खाल्लं, आणि दुसरं घेतलं.

"वा! ही कुणाकडची?"

"माझी," मी म्हटलं. "आई करते."

"दाणे चांगले खरपूस भाजलेत. मी आणखी एक घेतो हां."

"घ्या ना."

"ही कोशिंबीर चाखा," चौगुल्यांनी दुसरा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "ही आमच्या घरची."

त्याच वेळी आप्पा मोठ्यानं म्हणाले, "अहो भडकमकर, ही आमची विशाखा होवाळ. हळदीचा संच हिचाच. यंदा हिची भाकरी आहे."

"भाकरी म्हणजे? लग्न?"

सगळं टेबल हसलं. मीही हसले.

"भाकरी म्हणजे भागीदारी," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे भागीदार व्हायचं तर आधी एक दिवस आपल्या घरचं जेवण अख्ख्या कंपनीला घालायचं. सगळे जेवले की मग भागीदारीपत्रावर सही. चौगुल्यांनी चौऱ्याहत्तर साली भाकरी दिली. सोवनीनं आत्ता मार्गशीर्षात दिली. आता विशाखा."

"यंदा" हा शब्द माझ्या बाबतीत मी तिसऱ्या वर्षी ऐकत होते.

पहिल्या वर्षी चातुर्मास आडवा आला. त्या महिन्यांत चौगुले बाहेरचं काही घेत नसत आणि एका भागीदाराला उपाशी ठेवून भाकरी कशी द्यायची, असं आप्पा म्हणाले. मला ते पटलं. त्यानंतर नव्या शेडचं काम निघालं. धुळीत जेवण कशाला, असं ठरलं. मग आप्पांच्या पोटाचं दुखणं निघालं. प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबर होतं. मध्येच सोवनीच्या भाकरीचा दिवस आला. त्याच्या घरून पुरणपोळ्या आल्या, कटाची आमटी आली. आप्पांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि ढेकर देऊन पत्रावर सही केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठून विचारलं, "आप्पा, माझं?"

"तुझी काय अशी घाईघाईनं उरकायची?" ते म्हणाले. "तुझी थाटात करू."

माझ्या डब्याचं मात्र मी तोवर वेगळंच उत्तर काढून ठेवलं होतं. सात वर्षांत त्यात रेघ उमटली नव्हती. मी इतरांच्या डब्यांतलं घ्यायची, माझा मध्ये ठेवायची, आणि जेवणानंतर तो जसाच्या तसा उचलायची. आईचा हात तिखट आहे, असं माझं अनुमान होतं. मी तिला मिरची कमी करायला सांगितलं. मग गोडा मसाला घालायला. मग गूळ. मग लसूण काढून टाकायला. एका वेळी एकच घटक बदलायचा, हे मी शिकलेली होते. काहीच फरक पडला नाही, तेव्हा मी असं धरलं की लोकांना आपापल्या घरच्या चवीची सवय असते.

भडकमकरांना सवय नव्हती. त्यांनी तीन वांगी खाल्ली होती.

मिरजेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी आणि आई, दोघीच. संध्याकाळी आईनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि आत बघतच म्हणाली, "आज कुणी खाल्ली?"

"पाहुणे होते पुण्याचे."

"तरीच."

"तरीच म्हणजे?"

तिनं उरलेली भाजी वाटीत काढली आणि डबा घासायला घेतला. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. भांडं घासताना ती कुणाकडे बघत नसे.

"आई, तरीच म्हणजे काय?"

"एवढी शिकलीस, आन् हे मी सांगायचं व्हय?"

"तिखट असते म्हणून खात नव्हते. आज तू कमी—"

"मिरचीचं न्हाई ते."

ती राख लावून त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. रेघ गेली तरी फिरवत राहिली.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापास्नं. डबा कोण घासतं? मीच की."

"मग रोज भरून कशाला देत होतीस? गूळ घाल म्हटलं की गूळ, मसाला बदल म्हटलं की मसाला..."

"तू सांगत हुतीस म्हणून. तुला वाटत हुतं मसाल्याचं हाय. म्हटलं, वाटू दे. तेवढंच तुला चार घास नीट जातील."

"आप्पा तसे नाहीत, आई. पॅकिंगच्या बायकांबरोबर जेवतात ते. नंदाताईच्या डब्यातलं पिठलं मागून घेतात."

"नंदा कोण?"

"नंदा जाधव."

आईनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "मराठ्याची की ती," ती म्हणाली. मग डबा उपडा ठेवून म्हणाली, "दवाखान्यात माझ्या हातचं पाणी पेशंट प्यायचे. रात्रीच्या वक्ताला तर हाका मारमारून प्यायचे. आन् आमची मुकादमीण, माझ्याबरोबर चहा पिणारी, माझ्या डब्यातला घास कधी घेतला न्हाई तिनं. आपण धर्म बदलला, वस्ती बदलली. त्यांच्या लेखी आपण महारवाड्यातलेच."

"मग भाकरीचं काय? तीन वर्षं ते म्हणतायत..."

"म्हणतायत की."

स्वयंपाकघराच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेली दोन मोठी पातेली होती. शेजारी एक परात आणि भाकरीची वेताची टोपली. आप्पांनी पहिल्यांदा "यंदा" म्हटलं त्या महिन्यात आईनं ती मारुती रोडवरून आणली होती. या भांड्यांत मटण-मासळी कधी शिजली नाही, असं चौगुल्यांना सांगता यावं म्हणून. त्यावर तिनं कागद बांधला होता आणि दर दिवाळीला ती तो बदलायची.

"तुला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," मी म्हटलं, "मग ही भांडी कशाला आणलीस?"

"माझा अंदाज चुकत असंल, म्हणून," आई म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी आप्पांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेलं भागीदारीपत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्यात माझं नाव होतं. विशाखा शिवराम होवाळ, एम.एस्सी. हिस्सा सोवनीएवढाच. मी ते दोनदा वाचलं.

"खूश?"

"हो, आप्पा."

"पुढच्या शुक्रवारी सह्या करू. जेवण हॉटेलातून मागवतो. नवीन थाळीवाला आलाय विश्रामबागला, फार छान करतो. श्रीखंड-पुरी सांगू या."

"आई करणार आहे ना, आप्पा."

"त्यांना कशाला त्रास या वयात?"

"तिला त्रास नाही. भांडीसुद्धा आणून ठेवलीयत तिनं."

"अगं, वीस-बावीस माणसं होतात आता!"

"सोवनीच्या घरून तेवढ्यांचंच आलं होतं."

आप्पांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग खुर्चीत मागे रेलले आणि पाहुण्यांशी बोलताना काढत तो समजावणीचा आवाज काढून म्हणाले, "खरं सांगू का? ते कोम आणि पानिस मला हल्ली तितकंसं पटत नाही."

"काय पटत नाही?"

"शब्दांच्या असल्या गोष्टी लोक मागाहून जोडतात गं. कुणी तरी पंडित बसतो, दोन तुकडे करतो, म्हणतो, हा बघा अर्थ. सैनिक एकत्र पाव खात होते म्हणे! कुणी पाहिलंय? शब्दाचा आज काय अर्थ आहे तो धरायचा. कायद्यात कंपनी म्हणजे नोंदणी, हिस्सा, सही. त्यात भाकरी कुठे आहे?"

"म्हणजे तुम्ही सांगता ती गोष्ट खरी नाही?"

"खोटी म्हणत नाही मी. दंतकथा म्हण. रीत जुनी झाली, बदलायला हवी. आणि ती तुझ्यापासून बदलतेय, यात तुझा मानच आहे."

मी पत्र खाली ठेवलं आणि विचार करते म्हणाले. ते हसले. "विचार कसला करतेस? जागा तुझीच आहे."

शनिवारी मी सांगलीत माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि इंग्रजीचा मोठा कोश काढला. उभ्यानंच वाचलं. आप्पा पंधरा वर्षं पाहुण्यांना जे सांगत होते ते बरोबर होतं. कोम, पानिस, त्यातून सोबती, त्यातून कंपनी, सगळं तिथे छापलेलं होतं. त्या दिवशी केबिनमध्ये सांगितलं तेवढं चूक होतं. मी कोश जागेवर ठेवला आणि त्यांना याबद्दल कधी काही बोलले नाही.

मला ती भागीदारी हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. संचाच्या खोक्यावर कोणाचं नाव जातं, पुढे मिरचीचा संच करायचा की दुधाचा, कुणाला कामावर घ्यायचं, हे ठरवणाऱ्यांत मला बसायचं होतं. सही केली असती तर ते सगळं मिळालं असतं. जेवण काय, एका दिवसाचं. सोवनीही मला हेच म्हणाला: "मॅडम, श्रीखंड खा, सही करा, मोकळ्या व्हा. भाकरी काय, रोजच आहे." तो मनापासून बोलत होता.

आज जयसिंगपूरला माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. आम्ही चौघी काम करतो. दुपारी जी ती आपापल्या जागेवर आपापला डबा खाते. एक मोठं टेबल घेऊ या का, असं एकीनं मध्ये विचारलं होतं. मी नको म्हणाले.

सह्यांच्या त्या शुक्रवारी आई पहाटेच उठली होती. मी जागी झाले तेव्हा माळ्यावरची भांडी खाली आली होती. कागद घडी करून कोपऱ्यात ठेवलेला. एका पातेल्यात वांगी, कांदा-लसूण न घातलेली. दुसऱ्यात गव्हाची खीर. भाकऱ्या ती थापत होती. ज्वारीच्या, पातळ, एकीवर एक. टोपलीत नवं पांढरं कापड अंथरलं होतं.

"तूही चल," मी म्हटलं.

"मी न्हाई."

"तुझ्या हातचं आहे. तू असायला हवीस."

"मी असले तर त्यांना गोड बोलावं लागंल. पाया पडतील, मावशी म्हणतील, पोट दुखतंय म्हणतील. तू एकली असलीस तर एखाद्या वक्ताला खरं बोलतील." तिनं शेवटची भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यावर फुगवली आणि टोपलीत ठेवली. "उरलं तर परत आण. टाकायचं न्हाई."

रिक्षात पातेली पायाशी घट्ट धरून मी कुपवाडला गेले.

टेबलावर हॉटेलची ताटं मांडून झाली होती. पुऱ्यांची परात, श्रीखंडाचं भांडं, बटाट्याची भाजी. चौगुल्यांच्या पुढे त्यांचा घरचा डबा होता. आप्पांच्या उजव्या हाताला भागीदारीपत्र होतं आणि त्यावर वजन म्हणून एक काचेची बाटली, हळदीच्या संचातली. पॅकिंगच्या बायका नवी पातळं नेसून आल्या होत्या. मी पुऱ्यांची परात थोडी सरकवली आणि मध्ये टोपली ठेवली. शेजारी दोन्ही पातेली.

"हे काय मॅडम?" सोवनी म्हणाला.

"भाकरी."

"अगं, कशाला एवढं..." आप्पा म्हणाले. "बरं, बरं. छान. ठेव तिथे. आधी सही करून घेऊ."

"आधी भाकरी, आप्पा. रीत तशी आहे."

मी टोपली उचलून चौगुल्यांच्या पुढे धरली. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मॅडम, आज माझं एकासन आहे. एकदाच जेवायचं, ते घरचं."

"सोवनींच्या पोळीच्या दिवशीही तुमचं एकासन होतं. तुम्ही इथेच बसून एकदाच जेवलात."

"ते... तेव्हा वेगळं होतं. आमच्याकडे स्वयंपाकाचं फार असतं हो. पाणी गाळून लागतं, कंदमूळ चालत नाही—"

"पाणी गाळलेलं आहे. कांदा नाही, लसूण नाही. भांडीसुद्धा नवी आहेत," मी म्हणाले. भांडी नवी आहेत हे माझ्याच तोंडून मी ऐकलं.

चौगुल्यांनी डब्यातली पोळी मोडली. त्यांनी मान वर केली नाही.

टोपली सोवनीकडे गेली. "मला बुवा भाकरी चावत नाही," तो म्हणाला. "दाढ दुखतेय." दोन बायका हसल्या, त्यांना वाटलं, हा नेहमीचा विनोद आहे. नंदाताईंनी हात पुढे केला होता. तो टोपलीजवळ येऊन थांबला. त्यांनी आप्पांकडे पाहिलं आणि पदर सारखा करत हात मागे घेतला. त्यांच्यानंतर बसलेल्या कुणी मग हात पुढे केलाच नाही. टोपली टेबलाला वळसा घालून आप्पांपर्यंत आली, जशी भरली होती तशीच.

आप्पांनी ती घेतली. वरचं कापड त्यांनी नीट झाकलं आणि टोपली माझ्या हातात परत दिली.

"डॉक्टरांनी ज्वारी बंद केलीय माझी."

"गव्हाची खीर आहे."

"गोडसुद्धा."

त्यांच्या वाटीत श्रीखंड वाढलेलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वाटी ताटाच्या पलीकडे सरकवली.

"आप्पा, एक विचारायचंय. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"इथे नको. जेवण झालं की केबिनमध्ये ये, बोलू."

"भाकरीचं बोलणं आपण टेबलावर करतो."

"विशाखा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "मी काय कमी केलंय तुझ्यासाठी? मुलाखतीला चार जण होते, तुला घेतलं. तुझ्या नावावरून माझा सख्खा भाऊ मला दोन शब्द बोलून गेला, तरी घेतलं. हा कागद बघ. सोवनीएवढा हिस्सा आहे. तुला कुणी अडवलंय का? कधी टाकून बोललंय का कुणी या टेबलावर?"

"नाही."

"मग एका जेवणासाठी हे काय चालवलंस?"

"एका जेवणाचंच विचारतेय मी. तीन वर्षं चातुर्मास झाला, शेड झाली, तुमचं पोट झालं. ते सगळं बाजूला ठेवा. आज नाही म्हणालात, तेही ठेवा. माझ्या घरचं तुम्ही जेवणार आहात का? पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, कधीतरी?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चौगुल्यांकडे पाहिलं. चौगुल्यांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. पुऱ्या गार होऊन बसत चालल्या होत्या. बायकांपैकी एकीनं बांगड्या वाजू नयेत म्हणून हात मांडीवर घट्ट धरले होते.

"बघ, प्रश्न माझा एकट्याचा नसतो," आप्पा म्हणाले. "घरी सोवळं आहे, हिचं देवाचं असतं, चौगुल्यांचं..."

मी टोपली हातात धरून उभी होते. थांबणं मला येतं.

"तुला वाटतं तसा मी नाही," ते म्हणाले.

मी थांबले.

शेवटी त्यांनी भागीदारीपत्रावरची बाटली उचलून बाजूला ठेवली, दोन्ही तळहात कागदावर पालथे टेकवले आणि खालच्या आवाजात, एकही शब्द न सजवता म्हणाले:

"नाही. तुझ्या घरचं मी जेवणार नाही, विशाखा. तू कामाला लागलीस त्याच आठवड्यात मी हे ठरवलं होतं. बोललो नव्हतो, इतकंच."